एमू-शहामृगांची ओळखखूण आणि वाहतूक : नियमात नेमकं काय हवं?

गवताळ_माळ :
एमू किंवा शहामृग एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात न्यायचा झाला तर काय लागतं, असं विचारलं की तीन उत्तरं मिळतात. "कोंबडीचाच नियम", "वनखात्याची परवानगी" आणि "काही लागत नाही, घाला टेम्पोत". तिन्ही अपुरी आहेत. म्हणून आज जे लागू आहे ते आधी एका जागी मांडतो, मग काय बदलायला हवं ते. जाणकारांनी भर घालावी.

प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम हे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खालचे. २००१ मध्ये त्यात कुक्कुटवर्गाचं वेगळं प्रकरण आलं. त्यात कुक्कुट म्हणजे एक दिवसाची पिल्लं, कोंबड्या, बटेर, गिनी फाउल, बदकं, गूज आणि टर्की यांचा "समावेश होतो". एमूचं नाव नाही, शहामृगाचंही नाही. पण यादी "समावेश होतो" अशा शब्दांत असल्यामुळे ती बंद यादी नाही आणि अधिकारी एमूला त्यात धरू शकतो. धरलं की पुढचं सगळं लागू होतं : पक्षी रोगमुक्त आणि प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला, एका पिंजऱ्यात एकच जात आणि एकच वयोगट, नर आणि मादी वेगवेगळ्या पिंजऱ्यांत, उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाणी, तापमान २५ अंशांच्या वर किंवा १५ अंशांच्या खाली असेल तर प्रवास नाही.

गाडीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२५-ई आहे, १ जानेवारी २०१६ पासूनचा. गाडीत कायमचे कप्पे हवेत आणि दर प्राण्यामागे किमान जागा हवी. गाय-म्हशीला २ चौरस मीटर, घोड्याला २.२५, डुकराला ०.६, शेळी-मेंढीला ०.३, आणि कुक्कुटाला ४० चौरस सेंटिमीटर. दोन काडेपेट्या शेजारी ठेवल्या की साधारण एवढीच जागा होते. मोठा एमू ३५ ते ४५ किलोचा, त्याचं एक पाऊलही त्यात मावणार नाही. म्हणजे "एमू कुक्कुटच आहे" एवढं म्हणून थांबलो तर कागदोपत्री एका छोट्या पिकअपमध्ये शेकड्यांनी एमू भरता येतात. हा आकडा ज्यांनी लिहिला त्यांच्या डोळ्यांपुढे एमू नव्हता, हे उघड आहे.

तिसरा आधार २००९ चा प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा. बर्ड फ्लू निघाला की बाधित जागेभोवती १ किलोमीटर बाधित क्षेत्र आणि पुढे १० किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र. त्यात पक्षी, अंडी, खाद्य, खत सगळ्यांच्या हालचालीवर बंदी. आपल्याकडे नवापूरला २००६ मध्ये देशातला पहिला उद्रेक झाला तेव्हापासून कोंबडीवाले हे चांगलं ओळखून आहेत. एमूवाल्यांपैकी बऱ्याच जणांना हे आपल्यालाही लागू आहे हे माहीतच नसतं.

माझं म्हणणं एका वाक्यात : आधी ओळखखूण सक्तीची करा, मग वाहतुकीचा नियम लिहा. उलट क्रमाने केलं तर नियम कागदावरच राहतो. नर-मादी वेगळे न्या, असं नियम म्हणतो. पण एमूचे नर-मादी दिसायला सारखेच. वयोगट एकच ठेवा म्हणतो. पण दोन वर्षांचा आणि आठ वर्षांचा एमू शेजारी उभे केले तर सांगता येत नाही. दाखला दहा पक्ष्यांचा, पण गाडीत चढले ते हेच दहा कशावरून? २०१२ मध्ये तमिळनाडूत पेरुंदुराईकडचा एमूच्या गुंतवणुकीचा डोलारा कोसळला, पक्ष्यांना खायला घालायची वेळ सरकारवर आली आणि ती झळ महाराष्ट्रातल्या एमूपालकांनाही बसली. एकच पक्षी तिघांना विकला असं कोणी म्हटलं, तर खूण नसलेल्या कळपात ते सिद्ध कसं करणार?

पशुवैद्यक_दख्खन :
क्रम पटला. ओळखखुणेचं तांत्रिक अंग लिहितो, कारण "चिप बसवा" (म्हणजे अंगात टोचायची, रीडर यंत्राने वाचता येणारी क्रमांकाची बारीक कुपी) एवढ्यावर भागत नाही.

चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १३४.२ किलोहर्ट्झची, १५ अंकी क्रमांकाची घ्यावी. पहिले तीन अंक देशाचा किंवा उत्पादकाचा संकेत. भारताचा ३५६, आणि ९०० पासून पुढचे उत्पादकांचे. बाजारात जुन्या १२५ किलोहर्ट्झच्या १० अंकी चिपा स्वस्तात मिळतात, त्या घेऊ नका. त्या बऱ्याच रीडरना दिसतच नाहीत, आणि न दिसणारी चिप ही नसलेल्या चिपेपेक्षा जास्त घोळ घालते.

नेहमीची चिप १२ मिलिमीटर लांब आणि सुमारे २ मिलिमीटर जाड असते. पिलाच्या मानेच्या मागे, डोक्याच्या लगेच खाली, कवच फोडताना जोर लावणारा एक स्नायू असतो. उबवणीच्या वेळी तो चांगला भरलेला असतो आणि पुढे ओसरतो. पहिल्या आठवड्यात चिप तिथे घालावी, डाव्या बाजूला. डावीकडेच का? पक्ष्यांत मानेची उजवी शीर डावीपेक्षा बरीच मोठी असते. उजवीकडे सुई चुकली तर पिलू रक्तस्रावाने जातं. सुई मानेच्या लांबीला समांतर, कातडी किंचित उचलून. खोल गेलात तर मणक्याकडे जाल, वरवर राहिलात तर चिप त्याच छिद्रातून बाहेर येते. सुई काढल्यावर छिद्र अर्धा मिनिट चिमटीत धरा, हवं तर वर जखम चिकटवायचा वैद्यकीय गोंद लावा. नाभी ओली असलेलं किंवा सुस्त पिलू त्या दिवशी सोडून द्या.

मानेत घालण्याचं आणखी एक कारण आहे. मांडीत किंवा छातीत घातलेली काचेची चिप उद्या मांसात निघू शकते. मानेचा वरचा भाग कत्तलीच्या वेळी डोक्याबरोबर टाकून दिला जातो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जागेवरून. एकाने मानेत घातली, दुसऱ्याने मोठ्या पक्ष्याला शेपटीच्या मुळाशी घातली. तिसरा मान तपासतो, काही वाजत नाही, "चिप नाही" समजून नवी टोचतो. एका पक्ष्याचे दोन क्रमांक झाले, नोंदवहीत दोन पक्षी झाले. म्हणून नियमात जागा एकच लिहिली पाहिजे, आणि टोचण्याआधी मान, दोन्ही मांड्या, शेपटीचं मूळ असं पूर्ण अंग रीडरने तपासणं सक्तीचं हवं. तपासणी तीनदा : पाकिटात असताना चिप चालू आहे का, पक्ष्यात आधीची आहे का, आणि घातल्यावर तोच क्रमांक येतो का. रीडर एकाच दिशेने धरून पुढे जाऊ नका, आडवा आणि उभा दोन्ही फिरवा. लोखंडी पिंजऱ्याला चिकटून वाचायला गेलात तर अंतर फार कमी होतं.

माळावरचा_एमूवाला :
सगळं बरोबर, पण चार-सहा एमू असलेल्या माणसाचा विचार करा. चिप, सिरिंज, रीडर, डॉक्टरांची फेरी. रीडर तर तालुक्यात एखाद्याकडेच असला तर असतो. पायात रंगीत पट्टी घातली की लांबून वाचता येते, पक्षी पकडावा लागत नाही. एमू पकडणं म्हणजे काय हे ज्याने पकडलाय त्यालाच माहीत. त्यात गाय-म्हशीला कानात बिल्ला सरकार फुकट मारून देतं, १२ अंकी. एमूला कानाची पाळीच नाही म्हणून त्या योजनेत आम्ही नाही. खर्चाचा भार फक्त आमच्यावर का?

पशुवैद्यक_दख्खन :
पट्टीला माझा विरोध नाही. पट्टी रोजच्या कामाला आणि चिप कायद्याच्या कामाला, अशी वाटणी करा. पण पिलाच्या पायात पट्टी घालून विसरणं ही मोठी चूक आहे. एमूचं पिलू सुमारे ४०० ग्रॅमचं निघतं आणि वर्षभरात २५ किलोच्या पुढे जातं. पायाचा घेर सतत वाढतो, पट्टी रुतते, खालचा भाग सुजतो, रक्तपुरवठा तुटतो आणि पाय जातो. पट्टीखाली आपली करंगळी सहज सरकली पाहिजे. पहिल्या सहा महिन्यांत दर पंधरा दिवसांनी तपासा. दुसरा धोका, एमू आणि शहामृग चकाकणारं काहीही गिळतात. तुटलेल्या पट्टीचा तुकडा, तिची रिव्हेट, तार, सगळं जठरात जाऊन अडतं. म्हणून धातूची पट्टी नकोच, आणि प्लॅस्टिकची तुटली की तुकडा शोधून उचलायचाच. शहामृगाच्या पंखाला बिल्ला लावता येतो, तसा एमूला जमत नाही. त्याचा पंख बोटाएवढा, बिल्ल्याच्या वजनाने फाटतो.

खर्चाबाबत तुमचं म्हणणं रास्त आहे. रीडर व्यक्तीने घ्यायची गरज नाही, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक ठेवला तरी पुरतो. तोच रीडर घोडे आणि कुत्र्यांच्या चिपांनाही चालतो, म्हणजे पडून राहणार नाही.

अंडी_ते_पिलू :
ओळख पिलापासून नाही, अंड्यापासून सुरू करा. एमूचं अंडं गडद हिरवं, पेन्सिलीने लिहिलेलं दिसत नाही. पांढऱ्या मेणकट पेन्सिलीने बोथट टोकावर जोडीचा क्रमांक आणि तारीख लिहायची. शाईचा मार्कर नको, कवचाच्या छिद्रांतून रसायन आत जातं. उबवणयंत्रातून शेवटच्या तीन-चार दिवसांसाठी अंडं बाहेर काढण्याच्या ट्रेमध्ये हलवता तेव्हा प्रत्येक जोडीच्या अंड्यांना जाळीचा वेगळा कप्पा द्या. इथेच नव्वद टक्के गोंधळ होतो : सकाळी ट्रे उघडला तर सात पिल्लं आणि सात फुटकी कवचं, कोण कुणाचं काही पत्ता नाही. मग जवळच्या नात्यातल्या जोड्या लागतात आणि पुढच्या हंगामात फलनाचं प्रमाण घसरतं.

आता नर-मादी. मूळ धाग्यात बरोबर म्हटलंय, दिसून कळत नाही. दोन मार्ग आहेत. पहिल्या काही आठवड्यांत अवस्कर (विष्ठा आणि अंडं बाहेर येण्याचं एकच द्वार) उघडून बोटाने तपासणं. सराव असेल तर जमतं, नसेल तर पिलाला इजा होते. दुसरा, दीड-दोन वर्षांनी आवाजावरून. मादी घशातल्या पिशवीतून ढोलासारखा घुमारा काढते, नर घुरघुरतो. रक्त किंवा पिसाच्या डीएनए चाचणीचा विचार करणाऱ्यांसाठी सूचना : पोपट, कबुतरं यांना जी नेहमीची सीएचडी जनुकाची चाचणी करतात ती या पक्ष्यांना चालत नाही. यांची दोन्ही लिंगगुणसूत्रं जवळजवळ सारखी असतात, त्यामुळे निकाल फसवा येतो. प्रयोगशाळेला "एमूसाठी वेगळे मार्कर आहेत का" असं आधी विचारा, नाहीतर पैसे वाया. लिंग कशावरून ठरवलं तेही नोंदीत लिहा : "अवस्कर", "आवाज" की "डीएनए". नुसतं "मादी" लिहिलेल्या नोंदीवर मी विश्वास ठेवत नाही.

उबवणीची अंडी गाडीतून न्यायची तर बोथट टोक वर, प्रत्येकाभोवती फोम, आणि पोचल्यावर २४ तास शांत ठेवून मगच यंत्रात. साठवण १५ ते १८ अंशांत. अंड्यांच्या खोक्यावरही उगमाच्या फार्मचं नाव, जोडीचे क्रमांक आणि गोळा केल्याच्या तारखा हव्यात. रोग अंड्याच्या कवचावरच्या विष्ठेतूनही प्रवास करतो, आणि या बाजूकडे कोणाचंच लक्ष नाही.

फाळका_आणि_हौदा :
वाहतुकीच्या प्रत्यक्ष बाजूवर लिहितो.

जागा. मोठ्या एमूला किमान अर्धा चौरस मीटर धरावा, शहामृगाला एक. ९ फूट बाय साडेपाच फूट हौद्याची पिकअप म्हणजे साधारण ४.६ चौरस मीटर. हिशेबाने नऊ एमू बसतात, पण मधोमध आडवा कप्पा घालून चार-चार असे आठच न्यावेत. कप्पा नसेल तर घाटात ब्रेक लागला की सगळा कळप पुढच्या भिंतीवर जातो. खालचा पक्षी चिरडून मरतो असं लोकांना वाटतं. खरं तर तो गुदमरतो. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड खाली-वर होऊन श्वास चालतो. त्यावर दुसऱ्या एमूचं वजन आलं की श्वास बंद. पाय बांधून आडवे टाकून नेणारेही हेच करतात, म्हणून ते पूर्णपणे बंद झालं पाहिजे.

भिंती सहा फूट, आतून सपाट फळीच्या, फटी नसलेल्या. फट दिसली की एमू मान घालतो आणि मग ओढून काढताना मान सोलते. वर जाळी, जाळीवर ताडपत्री, पण मागे आणि पुढे वारा खेळायला जागा. आत जितका अंधार तितके शांत. शहामृगाच्या डोक्यावर काळ्या कापडाची बाही चढवली, चोच आणि नाकपुड्या मोकळ्या ठेवल्या, की तो मेंढीसारखा चालतो. एमूच्या बाबतीत बाहीचा भरवसा नाही, काही एमू उलट बिथरतात.

खाली काय घालायचं? रबरी चटई आणि तिच्यावर भाताचा तूस किंवा वाळू. लांब काड्यांचा कडबा किंवा पेंढा अजिबात नको. ताणात आलेला पक्षी तो खातो आणि जठरात गोळा होऊन अडतो. पत्र्यावर नुसतं नेलं तर पाय फाकतो, एकदा सांधा निखळला की पक्षी परत उभा राहत नाही.

पकडणं. पाय पुढच्या बाजूला फिरतो, म्हणून समोरून कधीच जायचं नाही. मागून किंवा बाजूने अंगाला चिकटून, दोन्ही पंखांच्या जागी छातीभोवती मिठी आणि चालवत न्यायचं. लांब उभा राहिलेला माणूस लाथेच्या टप्प्यात असतो, चिकटलेला नसतो. मोठ्या कुंपणात पाठलाग करू नका. दोन दिवस आधीपासून खाद्य छोट्या कप्प्यात ठेवा, तिथेच कोंडा, तिथून थेट गाडीला लागणारी बंद बाजूंची वाट. चढ एकास तीनपेक्षा जास्त नको, आडव्या पट्ट्या हव्यात. ओट्याला गाडी लावून फाळका सपाट टेकवता आला तर सगळ्यात उत्तम.

निघाल्यावर अर्ध्या तासाने थांबून बघा, मग दर दोन तासांनी. बसलेला पक्षी ठीक आहे. आडवा पडलेला किंवा मान फाळक्याशी टेकवलेला ठीक नाही. हायवेवर फाळका उघडायचा नाही, बघायला वरची जाळी आहे.

पशुवैद्यक_दख्खन :
यात एक महत्त्वाची भर. पकडताना पाठलाग झाला, त्यात ऊन असलं, की स्नायू फुटतात. पक्षी गाडीतून नीट उतरतो, सगळे खूश, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठेनासा होतो. विष्ठेतला लघवीचा भाग कॉफीच्या रंगाचा येतो, मांड्या कडक लागतात, आणि एकदा आडवा झाला की बहुतेक जातो. "प्रवासात मेला नाही" म्हणून ही मरणं कुठल्याही नोंदीत वाहतुकीच्या खाती पडत नाहीत. म्हणून नियमात पोचल्यानंतरच्या ७२ तासांतले मृत्यू वाहतुकीचे मृत्यू धरावेत. चढवण्याआधी पंधरवडाभर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम खाद्यातून द्या, पण मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या. सेलेनियम जास्त झालं तर विष आहे. पोचल्यावर आधी पाणी, त्यात इलेक्ट्रोलाइट. खाद्य दोन तासांनी.

कलम_वाचणारा :
वनखात्याचा प्रश्न सोडवू. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली आणि साइट्स करारातल्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परदेशी जाती अनुसूची चारमध्ये आल्या. त्या पाळणाऱ्यांसाठी २०२४ चे नोंदणी नियम आहेत; परिवेश २.० या संकेतस्थळावर नोंद करायची, जन्म, मृत्यू, हस्तांतर कळवायचं. एमू साइट्सच्या यादीत नाही, म्हणून ही नोंदणी त्याला लागत नाही. रिया हा दक्षिण अमेरिकेतला एमूसारखा पक्षी मात्र यादीत आहे. म्हणजे "एमूसारखाच दिसतो" म्हणून रिया विकत घेणाऱ्याने आधी कागद बघावेत. शहामृगाच्या फक्त उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेकडच्या काही देशांतल्या संख्या साइट्सच्या परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहेत. त्यामुळे पक्ष्याचा उगम कुठला याचा कागद महत्त्वाचा. पुन्हा ओळखखुणेवरच आलो.

"एमू कुक्कुट की नाही" या वादात फार अडकू नये असं माझं मत. युरोपीय संघाने हा प्रश्न हेतूनुसार सोडवलाय. मांसाच्या स्वच्छतेच्या ८५३/२००४ या नियमावलीत शहामृगवर्गीय पक्ष्यांना कुक्कुटाच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळून फार्मवर पाळलेल्या शिकारी प्राण्यांत घातलंय. रोगनियंत्रणात मात्र ते कुक्कुटच. ऑस्ट्रेलियाने जमिनीवरच्या वाहतुकीच्या मानकांत एमूला वेगळा विभाग, शहामृगाला वेगळा आणि कोंबडीवर्गाला तिसराच दिलाय. ब्रिटनमध्ये १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली शहामृगाला परवाना लागतो, पण एमू आणि रिया २००७ मध्ये यादीतून काढले. प्रत्येक ठिकाणी आधी हा पक्षी काय करतो, किती मोठा आहे, कोणता रोग वाहतो ते पाहिलंय.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. १९९६ मध्ये औट्सहूर्नच्या शहामृग कत्तलखान्यातल्या कामगारांना क्रिमियन-काँगो ताप झाला. रोग गोचिडीचा, शहामृग आजारी दिसत नाही, पण काही दिवस रक्तात विषाणू वागवतो. त्यानंतर निर्यातीसाठी कत्तलीआधी १४ दिवस गोचीडमुक्त विलगीकरण आलं. हे १४ दिवस मोजायचे तर "कोणता पक्षी कोणत्या दिवशी आत आला" हे माहीत हवं. मग २००४ आणि २०११ मध्ये एच५एन२ बर्ड फ्लू आला, हजारो शहामृग मारले, युरोपची बाजारपेठ बंद झाली. तिथे फार्मची नोंदणी आणि हलवण्याआधी रक्ततपासणी आहे ती या मारातून आलेली. क्रिमियन-काँगो आपल्यालाही परका नाही, गुजरातमध्ये २०११ मध्ये माणसं दगावली आहेत. जनावरांच्या गोठ्याशेजारी एमू ठेवणाऱ्यांनी गोचीड बघायची सवय लावावी : मानेखाली, पंखाखाली, अवस्कराभोवती.

माळावरचा_एमूवाला :
कायद्यात दंड किती आहे?

कलम_वाचणारा :
१९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. टोल यापेक्षा जास्त लागतो. म्हणून नियमाची ताकद दंडात शोधू नका. दाखला आणि चिप जुळत नसेल तर माल उतरवून घ्यायचा नाही, ही अट खरेदीदारावर आणि कत्तलखान्यावर घालायला हवी.

गवताळ_माळ :
सगळ्यांचे आभार. एका गोष्टीकडे अजून कोणी आलं नाही. २५ अंशांची मर्यादा शब्दशः पाळली तर विदर्भ-मराठवाड्यात एमू न्यायचा काळ म्हणजे मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री, त्याही १५ अंशांच्या वर असतील तरच. आणि आपल्याकडे एमूचा अंड्यांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे नियम ज्या महिन्यांत परवानगी देतो, नेमक्या त्याच महिन्यांत जोडी हलवायची नसते. जागा बदलली की मादी अंडी थांबवते, आणि बसलेला नर अंड्यांवरून उठतो. मोठ्या एमूला १० अंशांत काही होत नाही. खालची मर्यादा कोंबडीच्या पिलासाठी योग्य आहे, ४० किलोच्या पक्ष्यासाठी नाही. वरची मर्यादा मात्र सैल करू नये. माझ्या मते तीन महिन्यांवरच्या एमूसाठी खालची मर्यादा काढावी आणि प्रवास सूर्यास्तानंतरच अशी अट घालावी. मग मार्चच्या सुरुवातीच्या आणि पावसाळ्यातल्या रात्री उपयोगाला येतील.

फाळका_आणि_हौदा :
पावसाळ्याच्या रात्री ताडपत्री पूर्ण आवळू नका. आत आठ पक्ष्यांची वाफ साठते आणि बाहेर २२ अंश असले तरी आत ३० होतात. जाळीखाली साधा तापमापक टांगा, दर थांब्याला आकडा लिहून ठेवा. अधिकाऱ्याला बाहेरचं नाही, आतलं तापमान दाखवता आलं पाहिजे.

पशुवैद्यक_दख्खन :
खालची मर्यादा काढायला माझी हरकत नाही, पण तीन नाही, सहा महिन्यांवरच्यांसाठी. पिलाच्या अंगावरचे पट्टे गेले म्हणजे पिसं पूर्ण भरली असं नाही. वयाचा पुरावा चिपेबरोबर नोंदलेली उबवणीची तारीख, मालकाचा शब्द नाही.

दाखल्याच्या नमुन्यात माझ्या मते एवढं हवं : प्रत्येक पक्ष्याचा चिप क्रमांक, लिंग व ते कशावरून, उबवणीची तारीख, निघण्याची आणि पोचण्याची जागा, गाडी क्रमांक, चढवल्याची वेळ, २१ दिवसांत कळपात मृत्यू झाले का, शेवटची राणीखेतची लस कधी. बर्ड फ्लूमध्ये मोठा शहामृगवर्गीय पक्षी ठणठणीत दिसू शकतो. पिलांत सुस्ती आणि हिरवी लघवी दिसते. म्हणून "पक्षी निरोगी दिसतो" एवढ्या वाक्याचा दाखला पुरेसा मानू नये, कळपाचा इतिहास लिहिला पाहिजे. पोचल्यावर २१ दिवस वेगळं ठेवणं, आणि त्या काळात तिथून एकही पक्षी किंवा अंडं बाहेर न जाणं.

अंडी_ते_पिलू :
चिप मेली किंवा हरवली तर? त्याचंही कलम हवं. नवी चिप घातली की जुना क्रमांक खोडायचा नाही, त्याच ओळीत नवा लिहायचा आणि तारीख टाकायची. मेलेल्या पक्ष्याची चिप काढून दुसऱ्याला घालणारे निघतील, म्हणून मृत्यूची नोंद ४८ तासांत आणि पुरण्याआधी रीडरने क्रमांक वाचून.

माळावरचा_एमूवाला :
हे पटतंय. दहाच्या आत पक्षी असणाऱ्यांना चिप आणि टोचणी दवाखान्यातून विनामूल्य, एवढं घाला, आमचा विरोध राहणार नाही. अजून एक, दाखल्यावर १५ आकडे सलग लिहिले की हमखास एखादा गळतो. तीन-चार-चार-चार असे तोडून लिहायची चौकट छापा, आणि चिपेच्या पाकिटावर बारकोडचे जादा स्टिकर येतात त्यातला एक दाखल्यावर, एक नोंदवहीत चिकटवा.